बोटीच्या ट्रेलरची साखळी

ती सकाळ मला अजून विसरता आलेली नाही.

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षे होती. मी नाशिकला लागून असलेल्या एका ठाण्यात फौजदार होतो. शहर संपते तिथून धरणाच्या पाण्यापर्यंत आमची हद्द. तक्रारी बहुतेक बांधाच्या, पाण्याच्या पाळीच्या, गुरे शेतात शिरल्याच्या. दसरा तोंडावर आला होता. हजेरी चालू असताना एक सायकलवाला धापा टाकत आला आणि ठाणे अंमलदाराला म्हणाला, "रस्त्यावर बोट पडली हाय. खाली बाई हाय."

अंमलदाराला वाटले, माणूस पिऊन आला आहे. पण त्याच्या तोंडाला वास नव्हता. आम्ही निघालो.

रस्त्याच्या कडेला दोन चाकांचा लोखंडी ट्रेलर आडवा झाला होता आणि त्यावरची पांढरी बोट कलंडून पाण्याच्या चारीत अडकली होती. ट्रेलर ओढणारी जीप बरीच पुढे जाऊन थांबलेली. बाई जागेवरच गेली होती. झेंडूची पाटी डोक्यावर घेऊन ती बाजारच्या बससाठी थांब्याकडे चालली होती. फुले रस्ताभर पसरली होती आणि लोक त्यांवर पाय न देता कडेकडेने उभे होते.

बोट शहरातल्या एका कारखानदाराची होती. सुट्टीच्या दिवशी तो मित्रांना घेऊन धरणात फिरायचा. पावसाळाभर बोट ट्रेलरसकट धरणाकाठी झाडाखाली उभी असायची. त्या सकाळी ती रंगकामासाठी शहरात आणत होते. मालक स्वतः जीपमध्ये शेजारी बसला होता.

ड्रायव्हरला ताब्यात घेतले. गर्दीचे म्हणणे एकच होते, गाडी जोरात होती. असे गुन्हे दोन दिवसांत कागदावर उरकता येतात. पण पंचनामा करताना एक गोष्ट खटकली. जीपच्या मागे लोखंडी गोळा होता. ट्रेलरच्या टोकाला उपडी वाटी होती, ती या गोळ्यावर बसवून वरची मूठ दाबली की ट्रेलर जीपला जोडला जातो. ट्रेलर सुटला होता, पण मूठ दाबलेलीच होती. आणि वाटीच्या आत सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा घडी करून कोंबलेला होता.

ड्रायव्हर पन्नाशीकडे झुकलेला, शांत माणूस. पहिल्या दिवशी तो "जोड नीट लावला होता" एवढेच म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी मी काही न विचारता तो तुकडा त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. त्याने तो उचलला आणि होता तसा पुन्हा घडी केला.

"साहेब, नवीन जीप घेतल्यापासून जोड खडखड वाजायचा," तो म्हणाला. "मालकांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, रंगकाम झाल्यावर बघू. मागे मोठा आवाज होतो म्हणून त्यांना राग यायचा. मग मी ट्यूब घातली. आवाज बंद झाला. मला वाटलं, भागलं."

"ट्रेलर उड्या मारत होता?"

"खड्ड्याखड्ड्याला. मी म्हटलं, थांबून बघतो. मालक म्हणाले, हळू चालव, पोचू आपण."

मग त्याने आणखी एक सांगितले. जोड सुटलाच तर ट्रेलर जीपपासून तुटू नये म्हणून खाली एक साखळी अडकवतात. ती त्या सकाळी जागेवर नव्हती. मालक खोळंबला होता, म्हणून हा तसाच निघाला.

मालकाला बोलावले. तो वकिलाला घेऊनच आला. "साखळी सांभाळणं ड्रायव्हरचं काम," तो म्हणाला. "त्यानं हरवली असेल. यात माझा काय संबंध?"

परिवहन खात्याच्या निरीक्षकांना बोलावून ठाण्यामागच्या मैदानात पंचांसमक्ष तपासणी केली. बोट पुन्हा ट्रेलरवर चढवली. वाटी गोळ्यावर बसवून मूठ दाबली. निरीक्षकांनी दोन हातांनी ट्रेलरचे टोक वर उचलले आणि मूठ बंद असूनही वाटी गोळ्यावरून अलगद निघून आली. गोळा वाटीपेक्षा लहान होता. मालकाने जुनी जीप सटाण्याच्या एका कांदा व्यापाऱ्याला विकली होती, तिच्यावरचा गोळा मागवला. तो चपखल बसला आणि खडखड थांबली. तरी मैदानातल्या खड्ड्यांवर ट्रेलरचे नाक उसळतच होते. मग निरीक्षकांनी बोटीच्या मागच्या टोकाला टांगलेले इंजिन आणि पेट्रोलचे डबे काढून पुढे ठेवायला लावले. आता सगळा भार मागे न राहता नाक खाली दबले आणि उड्याही थांबल्या.

म्हणजे दोष दोन होते. ढिलेपणा लहान गोळ्यामुळे, उड्या मागच्या ओझ्यामुळे. दोन्ही एकत्र आले तेव्हा जोड सुटला. तरीही साखळी असती तर ट्रेलर जीपच्या मागेच फरफटत राहिला असता. मला साखळीचा शोध घेणे भाग होते.

खबर एका दूधवाल्याने आणली. तो ठाण्यात आला, पण बसेना. "साहेब, माझं नाव घेऊ नका," तो म्हणाला. "तुम्ही हुडकताय ती साखळी मी पाहिली हाय. गोठ्यात, म्हशीच्या गळ्यात."

"कोणाच्या गोठ्यात?"

तो खाली बघत म्हणाला, "ती बाई गेली ना, तिच्याच."

मी एका जमादाराला घेऊन साध्या कपड्यांत गेलो. बाईचा नवरा ओट्यावर बसला होता. मुंडण केलेले, दाढी नुकती उगवू लागलेली. धरणाकाठी त्याचा फुलांचा तुकडा होता, ट्रेलर उभा असायचा त्या झाडापासून हाकेच्या अंतरावर. गोठ्यात म्हैस होती. साखळीला ट्रेलरचाच निळा रंग लागलेला होता.

मी विचारले, "ही कुठून आणली?"

"झाडाखाली ती बोटीची गाडी व्हती, तिची. म्हशीनं दावं तोडलं व्हतं. दुसरं घेईपतूर आणली. कोन वापरत नव्हतं." मग तो म्हणाला, "परत द्यायची राहिली, साहेब. ती बी म्हनली व्हती, लोकाची वस्तू हाय, लावून या."

साखळी कशासाठी असते, हे त्याला माहीत नव्हते. मी तिथे ते सांगितले नाही. पण जबाब घ्यायचा होता, म्हणून तो दुसऱ्या दिवशी ठाण्यात आला. आवारात मुद्देमाल म्हणून तो ट्रेलर उभा होता. जीपही शेजारीच होती. तो ट्रेलरपाशी थांबला. साखळी काढली होती ती कडी त्याने हाताने चाचपली, मग जीपच्या खालची कडी पाहिली. शेतकऱ्याला दोन कड्यांमध्ये काय असते हे समजावून सांगावे लागत नाही. तो तिथेच मातीत बसला. आमच्या जमादाराने त्याला पाणी दिले. त्याने ते हातात धरले, पण प्यायले नाही.

आत आल्यावर म्हणाला, "माझंच नाव घाला, साहेब. बाकीच्याइला सोडा."

"असं होत नाही," मी म्हणालो. "ज्याचं जेवढं आहे तेवढंच लिहिणार."

आणि तेवढेच लिहिले. हयगयीने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल ड्रायव्हर आणि मालक दोघांवर दोषारोपपत्र दाखल केले. साखळीचा जबाब जसा होता तसा जोडला. मालकाने चोरीची फिर्याद दिली नाही. त्याची गरज नव्हती. त्याच्या वकिलाने ती साखळी कोर्टात टेबलावर ठेवायला लावली आणि नवऱ्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात विचारले, "ही तुम्हीच काढलीत ना?"

"व्हय. मीच."

वकील कागद गोळा करून खाली बसला.

ड्रायव्हरला शिक्षा झाली. गाडी त्याच्या हातात होती आणि साखळी नाही हे त्याने पाहिले होते. मालक संशयाचा फायदा मिळून सुटला. जोड खडखडतो हे त्याला सांगितले होते, असे ड्रायव्हरखेरीज कोणी म्हणत नव्हते.

या खटल्याने मला एक शिकवले. बिघाड सांगणारा आवाज माणसाला नकोसा होतो, मग तो बिघाड सोडून आवाजच बंद करतो. ट्यूबचा तुकडा मी पुढे नोकरीत अनेक ठिकाणी पाहिला. घरांत पाहिला, कचेऱ्यांत पाहिला, आमच्या खात्यातही पाहिला.

दुसरी गोष्ट शिकवली ती त्या नवऱ्याने. निकालानंतर तो कोर्टाबाहेर लिंबाखाली माझी वाट पाहत उभा होता.

"म्हंजी मी सुटलो का, साहेब?"

"तुमच्यावर केसच नव्हती. तुम्ही साक्षीदार होता."

"तेच तं," तो म्हणाला. "केस असती तं काहीतरी शिक्षा झाली असती. भोगून मोकळा झालो असतो."

त्याने नमस्कार केला आणि बसस्टँडच्या दिशेने चालू लागला. कलमांचे पुस्तक मला पाठ होते. त्याला देण्यासारखे त्यात काही नव्हते.