वाकलेलं बरं

शुक्रवार पेठेत आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंना स्वयंपाकघरातली कपाटं लावायची भारी हौस आहे, असं मला बरेच दिवस वाटायचं. जरा कुठे आठवडा गेला, की त्यांचे डबे पुन्हा खाली उतरलेले. बोलायच्या हळू, आणि बोलण्याआधी एकदा दाराकडे बघायच्या.

मागे एकदा मदतीला गेले, तर हाताशी येणाऱ्या फळीवर नुसते प्लॅस्टिकचे डबे. तवा, पितळी पातेली, सगळं जड सामान तळाच्या खणात, पिठाच्या डब्यामागे.

"रोजचा तवा तितं कशाला? वाकावं लागतंय की," मी म्हणाले.

"वाकलेलं बरं, वैनी. मालकांचा राग लई वाईट. हाताला लागंल ते फेकतात."

मीठ संपलंय म्हणावं, तशा त्या हे म्हणाल्या.

तेवढ्यात बोळात त्यांच्या नवऱ्याची स्कूटर थांबली. त्यांनी शेंगांची चटणी कुटायचा लोखंडी बत्ता उचलला आणि माझ्या पदराखाली सरकवला. "तुमच्याकडंच राहू द्या."

तेव्हापासून चटणी कुटायला त्या आमच्याकडे येतात.

आज सकाळी त्या कुटून गेल्या, आणि पाठोपाठ मालक आमच्या दारात. हसत.

"वैनी, आमचा बत्ता दिसला का कुटं?"

बत्ता माझ्या ओट्यावर होता, चटणीनं लाल झालेला. पलीकडे बाई त्यांच्या उंबऱ्यात उभ्या होत्या, माझ्या तोंडाकडे बघत.

"न्हाय की," मी म्हणाले.

त्यांनी नाकानं हवा ओढली. "चटणीचा वास मात्र झकास सुटलाय," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरून आत बघू लागले.

मी दारातनं हलले नाही.