आसगावच्या टीवरची रांगोळी

वरठी स्टेशनाबाहेर प्रकाशभाऊ बातमीसाठी आलेल्या मला न्यायला मोटारसायकल घेऊन उभे होते. ते आसगावचे धानाचे व्यापारी. मुलाकडे बंगळुरूला राहून आले आणि येताना डिस्क गोल्फ घेऊन आले. प्लास्टिकची चकती दुरून फेकून साखळ्यांच्या टोपलीत पाडायची, असा हा खेळ. त्या दिवशी नागपूरचे परीक्षक मैदान पाहायला येणार होते. मैदान पास झालं तर या खेळाची स्पर्धा आसगावात, नाही तर नागपुरातच.

"बाकी सारं ठीक हाय जी," प्रकाशभाऊ वाटेत म्हणाले. "पण लोकं फेकणाऱ्याच्या पुढंच येऊन उभे राहतात. दोरी बांधली, त बायांनी तिच्यावर लुगडे वाळू घातले."

मैदान बोडीच्या (लहान तलावाच्या) काठी होतं. टी, म्हणजे पहिली फेक करायचा चौथरा, मातीचा. तो पाहताच प्रकाशभाऊंनी डोक्याला हात लावला. त्यांच्या काकूंनी पहाटे टी आणि तिच्यापुढची जागा अंगणासारखी सारवून वर रांगोळी काढली होती. टीवर लक्ष्मीची पावलं.

"काकू, हे काय करून ठेवलं वो?"

"पाहुणे येऊन राहिले ना? त्यायले उघड्या मातीवर उभं करतं का?"

परीक्षक वानखेडे वेळेवर आले. त्यांनी नियम सांगितले. चकती हातातून सुटताना आधाराचा पाय टीवरच हवा. टी कोरडी हवी. बाकीच्यांनी मागे उभं राहायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पहिला खेळाडू टीच्या बाहेर एका पायावर तोल सावरत उभा राहिला.

"पाय आत घ्या."

"मंग लक्ष्मीवर ठेवू का जी?"

दुसराही बाहेरूनच फेकायला निघाला. शेवटी प्रकाशभाऊ हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमीच दाखवा."

वानखेड्यांनी बूट काढले. तसा नियम नाही. दोन पावलांमधली रिकामी जागा शोधून ते उभे राहिले आणि हात मागे नेला. सारवण ओलं होतं. चकती बोडीत गेली, परीक्षक रांगोळीत बसले.

कोणी हसलं नाही. काकू म्हणाल्या, "लागलं का बापू? उठा, मी पुन्हा काढतो."

वानखेडे लगेच उठले नाहीत. ते समोर पाहत होते. गाव लोटलं होतं, पण टोपलीपर्यंतची वाट मोकळी होती. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून सारे मागे थांबले होते.

"टी नापास," ते म्हणाले. प्रकाशभाऊंचा चेहरा पडला. "ती कोरडी, खरबरीत करा. फेकल्यावर तोल जातो, म्हणून पुढे दोन पावलं जागा सोडा. त्यापुढची रांगोळी ठेवा. मैदान पास."

"मंग टी कोरीच ठेवू? बरं दिसते का ते?" काकूंनी विचारलं. हा वाद तांदळाची भाकर आणि बोडीतल्या मासोळीचा रस्सा संपला तरी चालू होता. निकाल लागला नाही.

परतीच्या गाडीत बातमी लिहिली. मैदान मंजूर, एवढीच ती होती. प्रवासी म्हणून आणखी एक नोंद करावीशी वाटते. त्या गावात इतका वेळ शांत उभी असलेली गर्दी मी पाहिली आणि तिला कोणीही 'गप्प बसा' म्हटलेलं नव्हतं.