नाव झाकून दिलेला शेरा

"भारतीले लाल द्या दीदी," मनोजभैयांनी फाईल माझ्यासमोर आपटली. "शेठजीचा फोन होता. पोस्ट वाचल्या नाहीत त्यांनी, पण पोरगी फार बोलते म्हणतात."

मनोजभैया माझे बॉस. चौबे कॉलोनीतल्या आमच्या एजन्सीत मी एकच काम करते. कंपन्यांच्या जाहिरातीत ज्यांचे चेहरे असतात, ते सोशल मीडियावर राजकारणाबद्दल काय लिहून राहिले, ते तपासते. ठीक असलं तर हिरवा शेरा. धमकी किंवा कोणाचा अपमान असला तर लाल. लाल लागला की कॉन्ट्रॅक्ट गेलं.

शेठजी आमचे क्लायंट, भनपुरीत त्यांची लोखंडी सळईची फॅक्टरी. त्यांच्या जाहिरातीत चेहरे दोन. कबड्डीवाली भारती अन् एक कॉमेडीवाला हीरो. भारतीनं लिहिलं होतं, 'मंत्री आमच्या गावात फोटो काढून गेले, रस्ता अजून नाही.' हीरोनं लिहिलं होतं, 'ज्या मोहल्ल्यानं मत नाही दिलं, त्याचं पाणी तोडा.' अन् लाल कोणाले? भारतीले! पोरीचं होस्टेल अन् खुराक त्याच कॉन्ट्रॅक्टवर चालते, हे भैया अन् शेठजी दोघांलेही माहीत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमच्याकडे एक रीत आहे, मीच लावलेली. शेवटच्या मीटिंगसाठी पोस्ट नाव अन् फोटो झाकून छापायच्या. क्लायंटनं स्वतः शेरा द्यायचा, खाली सही करायची. भैया म्हणे, या वेळी राहू द्या. मी कायले राहू देते!

मीटिंगमध्ये शेठजींनी रस्त्याचा कागद वाचला. यात काय चुकलं, म्हणाले. हिरवा, सही. पाण्याचा वाचला अन् कपाळावर आठ्या आल्या. "ऐसे आदमी को तो हटाओ." लाल, सही.

मग मी नावं उघडली.

"वो तो मज़ाक में लिखा होगा," शेठजी हीरोच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले. "कागज़ बदल दो, दीदी."

शेठजींले मराठी समजते, बोलतात हिंदीच. मी मराठीतच सांगितलं, "बदलते ना. तुम्ही नावं पाहून पुन्हा शेरे द्या अन् सही करा. पण हा कागदही फाईलमध्येच राहील."

त्यांनी पेन उचललं, ठेवून दिलं. दोघांलेही राहू द्या म्हणाले अन् निघून गेले.

भारतीचं कॉन्ट्रॅक्ट टिकलं. हीरोचंही टिकलं. त्याचा लाल कागद फाईलमध्ये पडून आहे अन् त्याचा हसरा फोटो भनपुरीच्या चौकात. येता-जाता दिसते अन् डोकं तापते.

एवढ्या वर्षांत मी एवढंच शिकले. नाव झाकलेलं असलं की बरं-वाईट साऱ्यांलेच बरोबर समजते.