तळव्यांची वाटी

मोहालीतल्या ध्वनी-उपचाराच्या वर्गाला मी तळपायांना तूप चोपडून गेलो. बदलीवर चंडीगडला आल्यापासून माझी झोप उडाली होती. वाट्यांनी ताण उतरवतात असं ऐकलं आणि मला आपली तळवे घासायची काशाची वाटीच आठवली. तीच घरून नेली आणि बायकोदेखत शिकवणाऱ्या पंजाबी बाईंपुढे पाय पसरले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वाटी पुसली, माझ्या छातीवर ठेवली आणि लाकडी दांडीने हलकेच टोला दिला. तो नाद बरगड्यांतून थेट टाचांपर्यंत उतरला. तो विरला तरी आत काहीतरी थरथरत राहिलं. माझे डोळे जड झाले.

"इतकी वर्षं घरात आहे ही," मी बायकोला पुटपुटलो, "पण कधी कळलंच नाही."

"कळणार कसं? घरात कुणाचं ऐकता तुम्ही?"