स्वेटरची शिवण शेजाऱ्याच्या हातची

भोईवाड्यातील मंडळींनो, आज चाळीच्या फळ्यावर माझे एक दुःख लिहितो.

पत्नी स्वेटर विणते आणि त्याची पाठ, पुढचा भाग व बाह्या रांगेला रांग जुळवून मी शिवतो, हा आमच्या घरचा शिरस्ता. आमचा मुलगा वसंता संयुक्त महाराष्ट्रासाठी दिल्लीला सत्याग्रहास निघाला आहे. त्याच्या स्वेटरचे भाग मात्र तिने शेजारच्या गोखल्यांना शिवायला दिले.

"तुम्ही लोकर फार ताणता," ती म्हणाली. "घोषणेला हात वर केला की काखेत ओढेल त्याला."

आज गोखले स्वेटर घेऊन आले. गोखल्यांची शिवण मी उलटसुलट तपासली. दोष सापडला नाही, म्हणून अधिकच चडफडलो. वसंताने तो अंगात घालून हात उंचावून पाहिला. "काका, शिवण जाणवतच नाही हो," तो गोखल्यांना म्हणाला.

दिल्लीच्या थंडीत माझ्या मुलाच्या अंगावर माझा एकही टाका नसेल. तुम्हाला हे सोसले असते का?