पाटलाला पळवायचं कसं?

भुजंग परतूरहून जालन्याला आला, तेव्हा कापसाच्या जिनमधल्या कामगारांच्या खोल्यांमध्ये पहिले आठ दिवस एकच चर्चा चालली होती: हा माणूस करतो तरी काय? सकाळी जिनचा भोंगा वाजला की बाकीचे गडी तोंडात भाकरीचा तुकडा धरून कापसाकडे पळायचे, आणि हा पठ्ठ्या ओट्यावर बसून पायाला करडीचं तेल चोळत असायचा. दुपारी चारला मैदानावर जायचा, अंधार पडायच्या आत परत. एवढ्यावर महिन्याचा पगार!

शेजारच्या खोलीतल्या चतुराबाईला दम निघेना. तिनं भुजंगाच्या बायकोला, सोनूबाईला, पाण्याच्या हौदावर गाठलं.

"खरं सांग गं, शेठजीचा पाहुणा-बिहुणा हाय का तुझा मालक?"

"न्हाई वो मावशी. लाथा मारायला ठेवलंय त्यायला."

"लाथा? कोणाला गं?"

"चेंडूला."

चतुराबाईनं घागर कमरेवर घेतली. "आमची म्हैस हे काम फुकट करती," म्हणाली आणि निघून गेली. संध्याकाळपर्यंत हे वाक्य बाराही खोल्यांत फिरून भुजंगाकडं परत आलं. तो हसला, पण मनातून त्याला वाटलं की म्हातारी खोटं काय बोलली? त्यालाही कुठं नीट कळलं होतं!

झालं होतं असं. जिनचे मालक शेठजी एकदा हैदराबादेला गेले होते. तिथं गिरण्यांच्या नि कारखान्यांच्या फुटबॉलच्या टीमा पाहून त्यांचं डोकं फिरलं. निजामाच्या राज्यात एवढा कापूस पिकतो, त्यातला निम्मा आपल्या जिनमधून जातो (हे शेठजींचं म्हणणं; खरा आकडा त्याहून बराच कमी होता), मग कप आपल्याकडं का नसावा? आल्या आल्या त्यांनी जिनमध्येच काम करणारे अकरा जण निवडले आणि हेडक्लार्क गिरिधरपंतांच्या गळ्यात टीम बांधली. पंत हैदराबादच्या कॉलेजात दोन वर्षं फुटबॉल खेळले होते. त्यांच्याकडं एक शिट्टी होती, एक हॅट होती, आणि एक अक्कल होती: चेंडू मिळाला की रामरावाकडं मारा.

रामराव म्हणजे टीमचा सेंटर फॉरवर्ड. छाती अशी की दोन बैल जुंपावेत. चेंडूला पाय लागला की गोलकीपर आधी बाजूला होई, मग चेंडू आत जाई. दोन वर्षं ही अक्कल चालली. तिसऱ्या वर्षी मात्र समोरच्या टीमांनाही डोळे फुटले. त्यांनी रामरावाच्या दोन्ही बाजूंना एकेक आडदांड गडी उभा करायला सुरुवात केली, आणि जिनची टीम ओळीनं सात मॅचा हरली.

"आपल्याला मारणारा आहे," पंत शेठजींना म्हणाले, "पण देणारा नाही. सगळीकडं फिरणारा, दोन्ही पायांनी खेळणारा, कोण मोकळा आहे ते बराबर हेरणारा एक माणूस पाहिजे."

तो माणूस त्यांना परतूरच्या स्टेशनात सापडला. कापसाच्या कामानं गेले असता स्टेशनमागं हमाल आणि रेल्वेचे लोक खेळत होते. त्यात एक काळा, किडकिडीत हमाल आधी गोलात उभा होता, मग बॅकला गेला, मग डावीकडून वर आला, आणि शेवटी त्यानं ज्याला चेंडू दिला त्यानं नुसता पाय लावला तरी गोल झाला. पंतांनी गाडी सोडून दिली आणि मॅच संपेपर्यंत उभे राहिले.

असा भुजंग आला. सोनूबाई तर एका पायावर तयार होती. सात वर्षं तिनं नवऱ्याच्या खांद्याची साल निघालेली पाहिली होती. रोज हळद, रोज तेल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खांद्यावर पोतं. "पायानं कमवा," ती म्हणाली, "खांदा माझ्यासाठी ठेवा."

पहिल्याच दिवशी मैदानावर भुजंगानं साधा प्रश्न विचारला, "पंत, मी कुठं उभं राहू?"

"कुठंही."

"म्हंजी?"

"म्हणजे जिथं गरज पडेल तिथं. पुढं, मागं, मध्ये. तुला जागा नाही, भुजंग. सगळं मैदान तुझं."

भुजंगानं चारी बाजूंना पाहिलं. तो ज्या खेड्यात वाढला तिथं प्रत्येकाची जागा पक्की. पंगतीत कोण कुठं बसणार, पोळ्याला कोणाचा बैल पुढं जाणार, पारावर कोणी टेकायचं नि कोणी उभं राहायचं, हे जन्माच्या आधी ठरलेलं. सगळं मैदान तुझं, असं त्याला जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. तो इकडं दोन पावलं सरकला, तिकडं दोन पावलं सरकला, आणि इतक्यात मागून आवाज आला.

"कोण रे? भुजंग का तू?"

भुजंगानं वळून पाहिलं आणि त्याचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले. टीमचा तो नामांकित रामराव म्हणजे त्याच्या स्वतःच्या गावच्या पाटलाचा धाकटा मुलगा! भुजंगाच्या बापानं नि आज्यानं त्यांचीच शेती वाहिली होती.

"राम राम, पाटील. तुमी हितं?"

"मी इथंच असतो. खेळतोस व्हय? चांगलं झालं की!"

रामरावाला मनापासून आनंद झाला. भुजंगाचे हात मात्र जोडलेलेच राहिले.

आणि तिथून सगळा गोंधळ सुरू झाला. डावीकडच्या कचरूला भुजंग असा पास द्यायचा की पंत शिट्टी फुंकायची विसरायचे. कचरू जिथं नाही तिथं, त्याच्या दहा पावलं पुढं, रिकाम्या जागेत चेंडू जायचा. कचरू पळत येऊन पोचेपर्यंत चेंडू त्याची वाट पाहत थांबलेला असायचा. उजवीकडच्या रखमाजीलाही तसंच. पण रामरावाची पाळी आली की भुजंगाला काय व्हायचं कोण जाणे! तो चेंडू पायाशी घेऊन स्वतः पळत पळत थेट रामरावापर्यंत जायचा, समोर थांबायचा, आणि अगदी हळूच, अलगद, त्याच्या उजव्या पायाशी ठेवायचा. वर म्हणायचा, "घ्या, पाटील."

तोवर सरावात अडवायला ठेवलेले दोन आडदांड येऊन टपकलेले असायचे.

"अरे, त्यालाही पुढं दे ना!" पंत ओरडायचे. "रिकाम्या जागेत!"

"देतो जी," भुजंग म्हणायचा, आणि पुढच्या वेळी पुन्हा पायाशी.

पंतांना काही उमगेना. हा हुशार आहे की येडा? नऊ जणांच्या बाबतीत हुशार आणि दहाव्याच्या बाबतीत येडा, असा माणूस असतो का? त्यांनी घरी पाटीवर खडूनं मैदान काढलं, वर्तुळं काढली, बाण काढले, आणि पाटी घेऊन थेट भुजंगाच्या खोलीवर आले. भुजंगानं बाण पाहिले, मान डोलावली, "बिलकुल बराबर," म्हणाला. सोनूबाईनं पाटी हातात घेऊन उलटी-सुलटी पाहिली आणि विचारलं, "ही रांगोळी अर्धी का ठिवली, पंत?" पंत चहा न घेताच गेले.

सोनूबाईलाही कोडं पडलं होतं. ती रात्रीच्या भाकरी थापता थापता विचारायची, "अवो, पण तुमी त्यांना का देत न्हाई नीट?"

"देतोच की. नेऊन हातात देतो."

"हातात?"

"पायात."

"मंग लोक का बोंबलून राह्यले?"

"तेच तर कळंना झालंय."

खरं म्हणजे त्याला अर्धं कळत होतं. पाटलाला वस्तू नेऊन द्यायची असते. पानाचा विडा असो, पाण्याचा तांब्या असो, नाहीतर खळ्यावरच्या धान्याचं पहिलं सूप असो. पाटलानं बसल्या जागी घ्यायचं. पाटलाला "पळा, तिकडं टाकलंय, घ्या उचलून" असं म्हणायचं? त्याच्या बापानं ऐकलं असतं तर पायातली वहाण काढली असती. पण हे पंतांना कसं सांगायचं? ते शहरातले, त्यांना असला मानपान काय ठाऊक! त्यांच्या घरात बायकोसुद्धा त्यांना म्हणे अहो म्हणून हाक मारून उत्तर यायच्या आत निघून जायची (हे चतुराबाईनं सांगितलेलं, खरंखोटं तिलाच ठाऊक).

शेठजींना असलं काही ऐकायला वेळ नव्हता. त्यांनी साफ सांगून टाकलं: संक्रांतीनंतरच्या रविवारी परभणीकडची टीम येतेय. जिंकलो तर हा भुजंग पक्का. हरलो तर सोमवारच्या गाडीनं परतूरला परत. सोनूबाईनं ते ऐकलं. तिनं हळदीची पुडी कोनाड्यातून काढून, पाहून, पुन्हा आत ठेवली.

रविवारी कुंडलिका नदीच्या पलीकडं मैदानावर जत्रेसारखी माणसं. शेठजी खुर्चीवर, पंत हॅट घालून, चतुराबाई सगळ्यांत पुढं, म्हैस घरी. पहिल्या अर्ध्या वेळात भुजंग सगळीकडं होता. बॅकला अडवत होता, मधून पास देत होता, एकदा तर गोलकीपर पडला तेव्हा डोक्यानं चेंडू बाहेर काढला. कचरूला त्याच्यामुळं दोनदा गोल मारता आला असता. त्यानं एकदा खांबाला मारला आणि एकदा शेठजींच्या खुर्चीला. आणि रामरावाला चार वेळा चेंडू मिळाला, चारही वेळा पायाशी, चारही वेळा परभणीच्या दोन आडदांडांच्या मध्ये. परभणीवाल्यांनी एक गोल चढवला.

मधली सुट्टी झाली. पंतांची हॅट हातात आली होती, ती त्यांनी जमिनीवर आपटली.

"तू सामान बांध, भुजंग! उद्याची गाडी. एवढं सांगून एका माणसाला नीट पास देणं तुला कळत नाही?"

भुजंग खाली बसला होता. घामानं डोळे चुरचुरत होते की दुसरं काही, त्यालाच समजेना. आणि त्याच्या तोंडून एकदम निघून गेलं, "पंत, पाटलाला पळवायचं कसं?"

"काय?"

"मी चेंडू लांब टाकायचा, अन् पाटलानं त्याच्या मागं पळायचं? समद्यांच्या देखत? आमच्या गावात असं करत न्हाईत जी. मी नेऊन देतो ते मानानं देतो."

पंतांचं तोंड उघडं राहिलं. सहा आठवडे पाटीवर बाण काढत होते ते याच्यासाठी!

पण पंतांपेक्षा जास्त तोंड उघडं राहिलं ते रामरावाचं. तो लिंबू चोखत शेजारीच उभा होता.

"मानानं?" तो म्हणाला. "अरे, मानानं देतोस?"

"व्हय, पाटील."

"आरं देवा! अन् मी समजून राह्यलो की तू माझी टर उडवतोस!"

आता भुजंगाचं तोंड उघडं.

"त्या कचरूला पुढं देतोस, त्या रखमाजीला पुढं देतोस. अन् माझ्या एकट्याच्या पायाशी आणून ठिवतोस, म्हाताऱ्याच्या हातात काठी द्यावी तसा. मला वाटलं, याला वाटून राह्यलं की रामराव सुटला, पोट आलं, आता ह्याच्यानं पळणं होत न्हाई. दीड महिना झाला, मी रातच्याला भाकरी कमी खाऊन राह्यलो!"

कचरू खो-खो हसायला लागला, रखमाजीनं त्याला कोपर मारलं. पंत एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं पाहत होते. यातला कोण कोणावर रागावलाय हेच त्यांना कळत नव्हतं.

रामरावानं लिंबाची साल थुंकली. "पळव मला," तो म्हणाला. "पाटील म्हणून सांगतो. हुकूम हाय."

दुसऱ्या अर्ध्याला भुजंगाला आणखी गोंधळायला झालं. हुकूम मोडायचा नसतो हे त्याला माहीत होतं. पाटलाला पळवायचं नसतं हेही माहीत होतं. आणि हुकूमच पाटलाला पळवण्याचा होता. पहिला चेंडू मिळाला तेव्हा त्यानं तो कचरूला देऊन टाकला. दुसऱ्या वेळी त्यानं अर्धाच लांब टाकला, मध्यम मानाचा. रामराव तिथवर गेला आणि ओरडला, "आणखी!"

तिसऱ्या वेळी भुजंगानं डोळे मिटले. खरंच मिटले, पुढं उभ्या असलेल्या चतुराबाईनं पाहिलं. आणि दोन्ही आडदांडांच्या मधून, पार पलीकडं, जिथं नुसतं वाळलेलं गवत होतं तिथं चेंडू सोडला. सोडताना तोंडातून निघालं, "पळा, पाटील, पळा!"

रामराव पळाला. पोट पुढं, धोतराचा काष्टा मागं, दोन वर्षांत कोणी त्याला असं पळताना पाहिलं नव्हतं. ते दोघं आडदांड रामराव पळू शकतो हे गृहीतच धरून आले नव्हते. ते जागच्या जागी वळेपर्यंत हा चेंडूवर पोचला. पायाचा आवाज आधी आला, गोल नंतर झाला. बरोबरी! आणि त्यानंतर रामरावाला सोडायचं की धरायचं हे परभणीवाल्यांना ठरवता येईना. धरलं तर कचरू मोकळा, सोडलं तर रामराव. शेवटच्या पाच मिनिटांत भुजंगानं पुन्हा एक रिकाम्या जागेत सोडला, चौघे रामरावामागं धावले, रामराव चेंडूला पायही न लावता नुसता पळत राहिला, आणि मागून आलेल्या कचरूनं तो आत ढकलला.

शेठजी खुर्चीवरून उठून मैदानात आले. "पक्का!" ते पंतांना म्हणाले. "हा माणूस पक्का."

पंतांनी भुजंगाकडं पाहिलं. भुजंग मात्र रामरावाकडं पाहत होता. एवढा पळवल्यावर, लोकांच्या देखत, राहायचं की नाही हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय हो कसं म्हणायचं? दोरीच्या पलीकडून सोनूबाईही रामरावाकडंच पाहत होती.

रामराव गवतावर उताणा पडला होता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, शब्द फुटत नव्हता. त्यानं एक हात वर केला आणि हवेत हलवला. राहा म्हणतो, की चालता हो म्हणतो? भुजंगाला कळेना. त्यानं पंतांकडं पाहिलं. पंतांना तर त्याहूनही कळेना. सगळे वाट पाहत उभे राहिले.

बऱ्याच वेळानं रामरावाला श्वास सापडला.

"राह्य," तो म्हणाला. "पण उद्या एक दिवस... पायाशीच दे."