वरातीतली उडी

परवा लकडगंजात एक वरात आडवी आली आणि माझा ऑटो अर्धा तास जागचा हलला नाही. आधीच उशीर झालेला, त्यात पुढे घोडा, मागे बँड, मधे नाचणारे पन्नास जण. मी मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करत बसलो होतो. तेवढ्यात बँडने ती धून धरली. चार जड सूर, सावकाश, वरून खाली येणारे. मग तेच पुन्हा. मग एका जागी ठेका मधेच तुटतो आणि तिथे सगळे नाचणारे एकदम उडी मारतात. म्हातारे, पोरंसोरं, नऊवारीतल्या आज्यासुद्धा. नागपुरातल्या वरातींत ही उडी मी गेली चाळीस वर्षं बघतो आहे. ऑटोवाला खूश होऊन म्हणाला, ही धून कोणत्या तरी जुन्या पिक्चरमधली आहे. मी हो म्हटलं.

पिक्चर-बिक्चर काही नाही. ते इंग्रजी गाणं आहे, त्यातही हेवी मेटल. लांब केसांच्या चार गोऱ्या पोरांनी विजेच्या गिटारींवर वाजवलेलं. मूळ गाण्यात त्या जागी ठेका तुटत नाही. तो मी तोडला. सगळं शहर जी उडी मारतं ती माझी आहे, आणि हे सांगताना आजही माझी मान वर होत नाही.

माझे बाबा बँडवाले होते. आजोबांचा हातमाग होता, पण मागावर पोट भरेना म्हणून बाबांनी तरुणपणीच क्लॅरिओनेट धरली आणि पुढे इतवारीतल्या एका बँड पार्टीचे मास्तर झाले. लाल कोट, त्यावर सोनेरी झालर, टोपीला तुरा. लहान असताना त्या कोटाचा मला इतका अभिमान होता की झालर हातात धरून मी झोपायचो. कॉलेजात गेलो आणि सगळं पालटलं. तिथे माझी उठबस धरमपेठेतल्या मुलांत सुरू झाली. त्यांच्या घरी सोफे होते, फोन होता, आणि वडील ऑफिसात जायचे. तुझे वडील काय करतात, असं एकाने विचारलं तेव्हा मी पटकन म्हणालो, इतवारीत कापडाचा धंदा आहे. आजोबांच्या मागावरचं कापड मी बाबांच्या नसलेल्या दुकानात नेऊन ठेवलं. इतकं साधं खोटं, की पुढे कधी अडखळायची वेळच आली नाही.

त्यातल्याच एका मित्राच्या मामाने परदेशातून ती कॅसेट आणली. मित्राच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण दार लावून ती ऐकायचो. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी हादरलोच. पत्र्यावरून लोखंडी खाट ओढावी तसा त्या गिटारीचा आवाज, आणि ढोल असा की छातीत धडधड सुरू. शब्द कोणालाच कळत नव्हते, पण कळतात असं दाखवण्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो. मी कोऱ्या कॅसेटवर ते गाणं उतरवून घेतलं आणि घरी आणलं.

आमच्या घरचा टेपरेकॉर्डर माझ्या चैनीसाठी नव्हता. लगीनसराईच्या आधी बाबा नवी सिनेमाची गाणी त्याच्यावर लावायचे, एक ओळ ऐकली की बंद करायचे, मागे न्यायचे, पुन्हा ऐकायचे, आणि वहीत सारेगम लिहून घ्यायचे. त्या मशीनने पहिल्याच आठवड्यात माझी कॅसेट खाल्ली. फीत आत गुंडाळली गेली, मी चिडून ओढली, ती चुरगळून फाटली. चुरगळलेला तुकडा कात्रीने कापला आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडली. गाणं चालू झालं, पण जोडाच्या जागी दीड-दोन ठोके गायब. मला त्याचं काही वाटलं नाही. ती कॅसेट मी मित्रालाही ऐकवली, तो हसला आणि म्हणाला, वा बे, तुझं गाणं लंगडते.

एका दुपारी घरी आलो तर बाबा ती कॅसेट लावून बसले होते. मांडीवर वही, कानामागे पेन्सिल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी ती कॅसेट म्हणजे माझी धरमपेठ होती, आणि ते त्याच मशीनवर लावून बसले होते ज्यावर त्यांची वरातीची गाणी वाजायची. तुमच्या कामाचं नाही ते, असं मी फटकन म्हणालो. बाबा रागावले नाहीत. चार सुरांचं आहे पण वजनदार आहे, वाजवणारा घाई करत नाही, असं काहीतरी ते कौतुकाने म्हणाले. मग जोड आला, ठेका तुटला, आणि त्यांनी मशीन बंद केलं. मागे नेलं. पुन्हा लावलं. तीनदा ऐकलं.

"काहून गा," त्यांनी विचारलं, "इथं ठेका असाच तुटते का?"

फीत फाटली होती हे एवढं सांगायचं होतं. एक वाक्य. पण सांगायला तिथे थांबावं लागलं असतं, बाबांशी गाण्याबद्दल बोलावं लागलं असतं. ती गोष्ट मला नको होती. मी चपला घालत म्हणालो, हो, असाच तुटते, इंग्रजी गाण्यात तसंच असते.

बाबांनी ते खरं मानलं. पोरगा कॉलेजात शिकतो, इंग्रजी गाणी ऐकतो, त्याला माहीत असणारच. पुढचे पंधरा दिवस त्यांनी पार्टीतल्या लोकांकडून त्या जागेची तालीम करवून घेतली. आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत रोज दुपारी तालीम चालायची. साईड ड्रमवाला दर वेळी तिथे घसरायचा, झांजवाला पुढे निघून जायचा, ट्रम्पेटवाला वैतागून खाली बसायचा. बाबा न चिडता पुन्हा सुरू करायचे. गोऱ्यांनी मुद्दाम तोडला आहे, त्यात काहीतरी असेल, आपल्याला जमलं पाहिजे, असं ते त्यांना समजावत. मी खोलीत पडून हे ऐकायचो आणि कानावर उशी घ्यायचो. बाप्पा, त्या वेळी मला आपल्या खोट्याची लाज वाटत नव्हती. लाज वाटायची ती माझं गाणं पिपाणीवर वाजतं आहे याची.

त्या माघात मित्राच्या मोठ्या भावाचं लग्न निघालं. वरात धरमपेठेतून निघून बर्डीवरच्या मंगल कार्यालयात जायची होती. बाबांना त्या संध्याकाळी काम आहे हे मला माहीत होतं, कुठे आहे हे मी विचारलं नव्हतं. बाबांच्या कामाबद्दल विचारणं मी केव्हाच सोडलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून मित्राच्या घरी पोचलो आणि फाटकाशीच लाल कोट दिसले.

बाबांनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा असा उजळला, की तो आजही डोळ्यांसमोर येतो तेव्हा मला बसल्या जागेवरून उठून जावंसं वाटतं. त्यांना वाटलं असेल, पोरगा वरातीत आहे, आज आपण त्याच्यासमोर वाजवणार. मी मान फिरवली आणि घोड्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो.

ते समजले. एवढंही समजू नये असे ते नव्हते. पण वरात चौकाजवळ आली तेव्हा त्यांनी हात वर करून पार्टीला थांबवलं, आणि ते चार सूर धरले. माझं गाणं. ओळख दाखवता येत नव्हती, तर त्यांनी माझ्यासाठी एवढं केलं.

मित्र वेडेच झाले. अबे हे तर आपलं गाणं, म्हणत सगळे घोड्यापुढे धावले. ठेका तुटला तिथे आधी सगळे अडखळले, एकमेकांवर आदळले, हसले. दुसऱ्या वेळी मित्राने बरोबर त्या जागी उडी मारली. तिसऱ्या वेळी सगळ्यांनी मारली. मलाही ओढून नेलं, मीही मारली. मग मित्राने खिशातून एक नोट काढून माझ्या हातात कोंबली. गाणं तुझ्या आवडीचं, तूच ओवाळ, म्हणाला.

आमच्याकडे वरातीत नाचणाऱ्यावरून नोट ओवाळतात आणि ती बँडच्या मास्तरापुढे धरतात. मास्तर एका हाताने वाद्य सांभाळतो, दुसऱ्या हाताने नोट घेतो, कपाळाला लावतो आणि देणाऱ्याला सलाम करतो. लहानपणी मी हे शेकडो वेळा पाहिलं होतं. मी मित्राच्या डोक्यावरून नोट ओवाळली. ती बाबांपुढे धरली. त्यांनी ती घेतली, कपाळाला लावली, आणि मला सलाम केला. इतरांना करत तसाच. कमी नाही, जास्त नाही.

मास्तर, कुठं शिकले हे, असं मित्राने ओरडून विचारलं. बाबा म्हणाले, कॅसेटवरून, साहेब. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. लग्नात मी जेवलो, चांगलं दोनदा वाढून घेऊन जेवलो, हेही सांगून टाकतो.

घरी आईने वरात कशी झाली विचारलं, बाबा म्हणाले चांगली झाली. एक गोष्ट मात्र बदलली, आणि ती माझ्या दोन-तीन महिन्यांनी लक्षात आली. बाबा लाल कोट घरून घालून निघेनासे झाले. कोट-टोपी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत न्यायचे, साध्या सदऱ्यात सायकलवर बसायचे. गल्लीच्या तोंडाशी माझा कोणी मित्र उभा असेल तर त्याला दिसू नये म्हणून. मला हे कळलं आणि मी काय केलं? काहीच नाही. उलट बरं वाटलं.

पुढच्या हंगामात इतर पार्ट्यांनी ती धून उचलली. बँडवाल्यांत असंच चालतं, एकाने वाजवलेलं दुसरा कानाने नेतो. त्यांच्यापाशी कॅसेट नव्हती, बाबांचं वाजवणं होतं. त्यामुळे फाटलेल्या फितीसकट धून महाल भागात गेली, लकडगंजात गेली, तिकडे उमरेडपर्यंत पोचली. जागोजागी लोक उडी मारू लागले.

मला नोकरी लागल्यावर एकदा तो मित्र बर्डीवर भेटला. आम्ही चहा घेतला, जुन्या गोष्टी निघाल्या, आणि मी सवयीने म्हणालो की बाबांनी आता कापडाचं दुकान कमी केलं आहे. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला की हे आता पुरे कर. त्याला त्या वरातीतच कळलं होतं. माझी कॅसेट जिथे लंगडायची, बँड तिथेच लंगडला. असं नागपुरात दुसऱ्या कोणाकडून शिकणं शक्यच नव्हतं. बँडवाले जेवायला बसले तेव्हा तो मास्तरांकडे गेला आणि हा तुमचा मुलगा का, असं त्यांना सरळ विचारलं. बाबा आधी नाही म्हणाले. मग ताटावरून उठले, खरकटा हात मागे धरून उभे राहिले आणि त्याला म्हणाले:

"तुम्हाले कळलं हे त्याले सांगू नका, साहेब. पोरगा तुमच्यात बसते, बसू द्या त्याले."

मित्राने ते सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी पाळलं. म्हणजे त्यानंतरची सगळी वर्षं मी कापडाच्या भावाच्या गोष्टी सांगत होतो आणि माझे मित्र मान डोलावत होते. बाबांच्या शब्दासाठी. मला वाटलं जमीन दुभंगावी. चहाचा कप तसाच टाकून मी घरी आलो.

बाबा ओसरीवर बसले होते. पुढचे दात गेल्यामुळे क्लॅरिओनेट सुटली होती, आता पोरांना शिकवायचे तेवढंच. मी त्यांच्यापुढे उकिडवा बसलो आणि सगळं बोलून टाकलं. फीत फाटली होती तेही सांगितलं. ते ऐकून ते थोडे हसले, म्हणाले, मले वाटलंच होतं. मग वरातीचं सांगितलं. नोटेचं सांगितलं. बाबा, मले माफ करा, असं मी म्हणालो आणि मला रडू फुटलं. चांगला नोकरीवाला माणूस, लहान मुलासारखा रडलो.

बाबांना खरोखरच नवल वाटलं. माझ्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "माफी कायची मागतं? नोट घेतली का सलाम करा लागते. तू त्या दिवशी गिऱ्हाईक होता. गिऱ्हाइकावर कोणी राग धरते का?"

टोमणा असता तर मी तो आनंदाने घेतला असता. त्यांनी राग धरला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी त्यांचा मुलगा तरी उरलो असतो. पण ते अगदी मनापासून बोलत होते. त्या चौकात मला मुलगा व्हायचं नव्हतं, म्हणून त्यांनी मला गिऱ्हाईक करून घेतलं, आणि गिऱ्हाइकाचा जो मान असतो तो पुरेपूर दिला.